वारं बंद केल्यावर

लातूरच्या त्या खोलीत माझ्यासाठी काही काम नव्हतं, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. बसायला चटई होती, प्यायला चहा होता, समोर बायको आणि मुलगी होती. पण काम नव्हतं, आणि काम नसलेल्या पुरुषानं चार भिंतींत कसं बसावं हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. मी चप्पल घालून खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. परत उठायला लागलो तेव्हा बायको हळूच म्हणाली, "अहो, एका जागी बसा की. पोरगी वाचून राहिली."

मुलीला दहावीला भरपूर मार्क पडले होते. आमच्या भागात भरपूर मार्क पडलेल्या पोराला पुढं काय करणार असं कुणी विचारत नाही. लातूरला कधी नेणार, एवढंच विचारतात. मी नांदेडला एका शाळेत चित्रकला शिकवतो. नोकरी सोडून जाणं शक्य नव्हतं आणि मुलीला होस्टेलवर ठेवायला बायको तयार नव्हती. "मेसचं खाऊन पोरगी डॉक्टर होईस्तोवर आपल्यालाच तिला दवाखान्यात न्यावं लागंल," असं म्हणून तिनं कुकर, तवा, पातेली आणि देवाचा एक छोटा फोटो बांधला. क्लासच्या त्या गल्ल्यांत अशा कितीतरी आया राहतात. कुणी उमरीची, कुणी निलंग्याची, कुणी उदगीरची. नवरे गावाकडे, पोरं आणि कुकर लातूरला. हे सगळ्यांना इतकं रीतसर वाटतं की त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. मीही केली नाही.

खोली गच्चीवर होती. एका बाजूला मुलीचं टेबल, मध्ये दोघींची अंथरुणं, दुसऱ्या बाजूला ओटा. ओट्याच्या वर, हात उंचावला तरी पोचणार नाही अशा ठिकाणी, भिंतीला चौकोनी भोक पाडून एक्झॉस्ट फॅन बसवलेला. चालू असला की तो धूर इमानेइतबारे बाहेर टाकायचा, त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण स्वयंपाक काय, सकाळ-संध्याकाळ. बाकीचा सगळा वेळ ते नुसतं एक भोक होतं. थांबलेल्या पात्यांमधून आभाळ दिसायचं, आणि बाहेर जे जे होतं ते आत यायचं.

पावसाळ्यात आधी दिव्यावरची पाखरं आली. मग सोयाबीन काढायच्या सुमाराला हिरवे तुडतुडे आले, ट्यूबलाइटखाली त्यांचा सडा पडायचा. जवळच डाळमिल होत्या. तिकडून कोंड्याची धूळ यायची आणि बारीक तपकिरी भुंगे यायचे. ते चावत नाहीत, कुणाचं काही बिघडवत नाहीत, फक्त वहीवर चालत राहतात. मुलगी एका हातानं त्यांना बाजूला सारायची आणि दुसऱ्या हातानं गणितं सोडवायची. एके दिवशी एक भुंगा तिच्या कानात गेला. बायकोनं कोमट तेलाचे थेंब टाकून तो काढला आणि मग मला फोन केला. काढून झाला होता तरी तिचा आवाज कापत होता. "या भोकाचं कायतरी करा बगा," ती म्हणाली.

आंधळा मागतो एक डोळा, अशी माझी गत झाली. त्या शनिवारी मी शाळेतून येताना पट्टी, कटर, चिकटपट्टी आणि जाड पुठ्ठा घेतला. रविवारी पहाटेच्या एसटीत पिशवी मांडीवर ठेवून बसलो तेव्हा, मुलगी लातूरला गेल्यापासून पहिल्यांदाच, मला तिकडे जायचा हक्क आहे असं वाटलं.

आता त्या गल्लीची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथं आवाज करत नाहीत. भाजीवाला हाळी देत नाही, नुसता घंटी वाजवून थांबतो. कुकरची शिट्टी झाली की शेजारची बाई दारातून डोकावते. टीव्ही कुणाकडे नाहीच. खिळा ठोकायचा असेल, भिंतीला ड्रिल मारायचं असेल, तर ते रविवारी सकाळी. कारण तेव्हा क्लासची परीक्षा असते, गल्लीतली झाडून सारी पोरं पेपरला गेलेली असतात, आणि तेवढ्या वेळात सगळ्या इमारती एकदम ठोकाठोकी, कपाटं सरकवणं, भांडण, हसणं, जे काही आठवडाभर तुंबलेलं असेल ते उरकून घेतात. दुपारी पोरं परत आली की पुन्हा सामसूम. म्हणजे भिंतीचं काम आठवड्यातून एकदाच, आणि तेही मोजक्या वेळात. पहिल्या रविवारी अर्धं राहिलं, तर पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं. ही रीत मला फार सोयीची पडली.

मुलगी पेपरला गेलेली असायची. खोलीत आम्ही दोघंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे बसलो आहोत आणि मध्ये माझी आई, भाऊ, पोरगी, पाहुणा कुणीच नाही, असं नांदेडला फारसं झालं नव्हतं. आम्हाला काय बोलावं सुचायचं नाही. मी ओट्यावर स्टूल ठेवून त्यावर चढायचो, आणि ती खालून म्हणायची, "हलून राहिलं स्टूल. थांबा, धरते." दोन्ही हातांनी ती स्टुलाचे पाय घट्ट धरून उभी राहायची आणि वर बघायची. मी मापं घ्यायचो, ती आकडे पाठ करायची. त्या सकाळी मला फार आवडायच्या. तिला तसं मी कधी म्हणालो नाही.

पुठ्ठ्याचं झाकण मी मन लावून केलं. चित्रकलेचा मास्तर, कडा एकदम सरळ, कोपरे काटकोनात, भिंतीशी जुळेल असा रंगाचा हात दिला. चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. भुंगा सोडा, मुंगी शिरणार नाही असं ते झालं. बुधवारी बायकोनं सवयीनं फॅनचं बटण दाबलं आणि मिरचीची फोडणी दिली. फॅन झाकणाला आदळत बसला, ठसका सगळ्या खोलीभर पसरला, आणि मुलगी पुस्तक घेऊन खोकत गच्चीवर पळाली. संध्याकाळी फोनवर बायको म्हणाली, "तुमचं झाकण लई पक्कं हाय. किडाबी अडला, धूरबी अडला." ती हसत होती. लातूरला गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलंच नव्हतं.

मग मी जाळी लावली. मच्छरदाणीची बारीक जाळी, लाकडी चौकटीवर ताणून. चौकट ठोकण्यात एक रविवार गेला, बसवण्यात दुसरा. किडे थांबले. पण चार-सहा आठवड्यांत तेलाची वाफ आणि डाळीचा कोंडा त्या जाळीवर असा काही थापला गेला की तिचं कापड झालं. धूर पुन्हा आतच घोटाळू लागला. जाळी काढून धुवायची, परत लावायची, पुन्हा काढायची. त्यातून दिवाळीनंतर वारं सुटलं. गच्चीवरची खोली, भिंत उत्तरेची. जाळीला वाऱ्याचं काय? गॅसची ज्योत आडवी व्हायची. पहाटे मुलगी उठून अभ्यासाला बसायची तेव्हा ते गार वारं थेट तिच्या मानेवर यायचं. तिला सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली, आणि दोन पेपर तिनं तसेच तापात दिले.

हे सगळं मला फोनवर कळायचं. रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. पोरीचं एका वाक्यात व्हायचं: क्लासहून आली, जेवली, झोपली. मग फॅनचं सुरू व्हायचं. आज वारं कुठल्या बाजूचं होतं, ज्योत कशी विझली, जाळीला कुठं भोक पडलं, कुठून तुडतुडा शिरला. ती सांगायची आणि मी इकडे, आई गेल्यावर आणि भाऊ वेगळा झाल्यावर रिकाम्या उरलेल्या नांदेडच्या घरात, ताटलीत वरण-भात घेऊन, सगळं लक्ष देऊन ऐकायचो. प्रश्न विचारायचो, कागदावर आकृती काढायचो. इतका वेळ आम्ही एकमेकांशी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

आमच्याकडे नवरा-बायकोनं एकमेकांना 'आठवण येते' म्हणायची पद्धत नाही. माझ्या बापानं आईला कधी म्हटलं नाही. बाप रात्रपाळीहून आला की 'दार नीट लागत न्हाई' म्हणायचा, मग आई 'सुतार बघा की' म्हणायची, आणि त्यातच त्यांचं जे काय ते उरकायचं. मीही त्यांचाच मुलगा. म्हणून जाळी तुंबली, वारं आलं, काम फसलं, की मुलीची काळजी वाटायची हे खरंच, पण आतून मला बरंही वाटायचं. काम फसलं म्हणजे पुढच्या रविवारी जाणं आलं.

हार्डवेअरच्या दुकानात मला झडपा मिळाल्या. प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात आडव्या पट्ट्या लोंबलेल्या. फॅन सुरू झाला की वाऱ्याच्या जोरानं पट्ट्या उचलल्या जातात, फॅन थांबला की आपोआप खाली पडून भोक बंद. इतकी साधी वस्तू आणि मी पुठ्ठे रंगवत बसलो होतो! ती चौकट बाहेरून, गच्चीच्या बाजूनं बसवायची असते. पण घरमालकांनी गच्चीच्या त्या बाजूला तूर वाळत घातली होती, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मालकीणबाई तर कुणी चुकून कडेनं गेलं तरी खालून हाका मारायच्या. मी म्हटलं, आतून बसवली तर काय बिघडतं? बसवली. फॅन चालू केला, तर फॅननं त्या पट्ट्या अशा काही आपल्याकडे ओढून घेतल्या की त्या चौकटीला चिकटूनच बसल्या. धूर जाईना. बायको खालून बघत होती. म्हणाली, "दार बाहेर उघडतं का आत, एवढं तरी बगायचं की मास्तर." मला राग आला, मग हसू आलं, मग तीही हसली. तूर बाजारात जाईपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर मी तरीही जात राहिलो. चौकट धुवायला, मापं पुन्हा घ्यायला, काही ना काही.

तूर उचलली गेल्यावर झडपा बाहेरून बसल्या. भुंगे बंद, तुडतुडे बंद, धूर सुरळीत. वारं मात्र पूर्ण थांबेना; झुळूक आली की पट्ट्या थोड्या उचलायच्या आणि खाली पडायच्या. खड्. खड्. खड्. त्या रविवारी मुलगी पेपरहून आली, जेवली, टेबलाशी बसली, आणि थोड्या वेळानं मान वर करून म्हणाली, "पप्पा, ते वाजतं." तिनं स्वतःहून माझ्याशी बोललेलं, त्या दिवसातलं तेवढंच. तिचे डोळे ओढलेले होते, नाक लाल झालेलं होतं. पोरगी सतरा वर्षांची आणि चेहरा पस्तिशीतल्या बाईसारखा थकलेला. मला एकदम फार वाईट वाटलं. आता पुरे, असं मी मनाशी ठरवलं. पुढच्या खेपेला हे पक्कंच करायचं.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक झडप जिथं टेकते तिथं चिकटवल्या, म्हणजे पडली तरी वाजायची नाही. पट्ट्यांच्या खालच्या कडेला आतून थोडं वजन लावलं, झुळकीनं उचलायची नाही इतकं, पण फॅननं उचलेल इतकं. हे वजनाचं जमवायला बराच वेळ गेला. मी एकेक वॉशर लावत होतो आणि बायको बटण दाबून बघत होती. चौकट आणि भिंत यांच्यातली फट पांढऱ्या सिमेंटनं भरली. मग फॅन बंद करून आम्ही दोघं खोलीच्या मध्यभागी उभे राहिलो. बाहेर वारं चांगलंच होतं, गच्चीवरच्या दोरीचे चिमटे हलताना दिसत होते. आत काही नाही. बायकोनं उदबत्ती लावून भोकासमोर धरली. धूर सरळ वर गेला.

"जमलं," ती म्हणाली.

दुपारी मुलगी आली. तिला काही सांगितलं नाही. ती अभ्यासाला बसली आणि बराच वेळ तिनं मान वर केली नाही. मग मागं टेकून तिनं स्वेटर काढला, खुर्चीवर टाकला आणि पुन्हा वाचू लागली. मला त्याचा फार अभिमान वाटला. निघताना बायको जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "आता दर रविवारी दगदग करू नका. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळी धूळ खात येता. पोरीचीबी परीक्षा जवळ आली. जरा आराम करा." तिनं अगदी प्रेमानं म्हटलं. "हाव," म्हणालो आणि उतरलो.

पहिला रविवार मी नांदेडलाच राहिलो. स्कूटर धुतली. चादरी भिजवल्या. बाजारात गेलो आणि एकट्यासाठी भाजी किती घ्यावी हे न कळून पावशेर वांगी घेऊन आलो, ती बुधवारपर्यंत पुरली. दुपारी झोप येईना. दुपारच्या घरात फ्रिजचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. मी वर्गातल्या मुलांची चित्रं तपासायला घेतली. विषय होता 'माझे कुटुंब'. सगळ्यांनी घर काढलं होतं आणि घरासमोर ओळीनं उभी माणसं. मी मार्क देऊन गठ्ठा बाजूला ठेवला आणि भिंतीकडे बघत बसलो. मला इतकं एकटं वाटलं की शेजाऱ्यांकडे उगाच मीठ मागायला गेलो. मीठ घरात होतं.

त्याहून वाईट झालं ते फोनचं. संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. क्लासहून आली, जेवली, वाचून राहिली. मग मी विचारायचो, "वारं?" "न्हाई." "किडे?" "एकबी न्हाई." "वाजतं का?" "न्हाई वो. सगळं झ्याक हाय." आणि मग दोघंही गप्प. पलीकडे कुकर ठेवल्याचा आवाज, इकडे पंख्याचा. "बरं मग," ती म्हणायची. "बरं," मी म्हणायचो. फोन पूर्वी अर्धा-पाऊण तास चालायचा, तो आता चहा गाळेपर्यंत संपायला लागला. सगळं झ्याक असलेल्या घरात आम्हाला बोलायला काही उरलं नव्हतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "या रविवारी येऊ का?"

"कशाला? काई काम हाय का?"

"न्हाई. सहजच."

"मग कशाला उगं दगदग," ती म्हणाली. "पैसे लागतेत, वेळ लागतो."

मी बरं म्हणालो. ती माझी काळजी करत होती हे मला कळत होतं, आणि तिला माझं कळत नाही याचा रागही येत होता. पण सांगणार काय? 'मी फॅनसाठी येत नव्हतो' एवढं एक वाक्य होतं. ते मी अंघोळ करताना म्हणून बघितलं, स्कूटरवर म्हणून बघितलं. फोनवर आलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, वर्गात साठ पोरांपुढं तासभर बोलतो, आणि बायकोपुढं त्याची जीभ उचलत नाही. आणखी एक रविवार असाच गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. नेहमीसारखंच झालं: क्लासहून आली, जेवली, वाचून राहिली. मी वाऱ्याचं विचारलं नाही, कंटाळा आला होता. तीही 'बरं मग' म्हणाली नाही. फोन चालू होता, तिच्या श्वासाचा आवाज येत होता. ती गच्चीवर आलेली असावी, कारण मागं वारं घोंगावत होतं.

"काय झालं?" मी म्हणालो. "झडप निघाली का?"

"न्हाई," ती म्हणाली. "लई पक्की बसवली तुम्ही." मग थांबली. "दिवसभर पोरगी क्लासला. आली की पुस्तकात. मी आन् भिंत. आदी कायतरी यायचं तरी आत. तुमाला सांगायला व्हायचं." तिचा आवाज बदलला होता. "एवढी पक्की बसवायला नको होती वो."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का उभा राहिलो ते मला अजून सांगता येत नाही. मनात घोकून ठेवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण आता ते म्हणायची गरज नव्हती.

"रविवारी येतो," मी म्हणालो.

कशाला, असं तिनं विचारलं नाही. "पहिल्या गाडीनं या," म्हणाली.